अदिस अबाबाचं राष्ट्रीय संग्रहालय: लूसी बघून लगेच बाहेर पडू नका

सह्यकडा

मुंबईहून इथिओपियाची राजधानी अदिस अबाबामार्गे आफ्रिकेत किंवा पार ब्राझीलपर्यंत जाणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. मधे सात-आठ तास मोकळे मिळाले, की "शहरात काय बघू?" अशी विचारणा होते आणि उत्तरही ठरलेलं असतं: लूसी, म्हणजे माणसाच्या एका अतिप्राचीन पूर्वजाचा सांगाडा, बघून या. लोक जातात, तळघरात उतरतात, फोटो काढतात, अर्ध्या तासात बाहेर येतात. मग इमारत जुनाट आहे, उजेड कमी आहे, पाट्या अपुऱ्या आहेत आणि लूसी तर खरी नव्हतीच, असं लिहितात. मी इथल्या एका महाविद्यालयात शिकवते आणि या संग्रहालयात सारखी जात असते. ही तक्रार वाचली की मला वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

जागा अरात किलो आणि सिदिस्त किलो या दोन चौकांच्या मधल्या रस्त्यावर आहे. संग्रहाची सुरुवात १९५०च्या दशकात झाली. सम्राट हाइले सेलासी यांच्या काळात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांच्या मदतीने उत्खननं चालू होती, त्यात सापडलेल्या वस्तूंना घर हवं होतं. आज तळघरात मानवाची उत्क्रांती, तळमजल्यावर प्राचीन काळ आणि सम्राटांच्या वस्तू, वर चित्रं आणि लोकजीवन अशी मांडणी आहे.

आधी लूसीच. २४ नोव्हेंबर १९७४ ला अफार प्रदेशात हादार इथे डोनाल्ड जोहान्सन आणि टॉम ग्रे यांना ती सापडली. वय सुमारे ३२ लाख वर्षं, सांगाड्याचा जवळजवळ ४० टक्के भाग हाती आलेला. उंची जेमतेम साडेतीन फूट. इथले लोक तिला दिन्कनेश म्हणतात. काचेच्या पेटीत आडवी मांडलेली आहे ती प्रतिकृती, मूळ हाडं तिजोरीत असतात. पण प्रतिकृतीतही बघण्यासारखं सगळं आहे. मांडीच्या हाडाकडे नीट बघा. ते सरळ खाली उतरत नाही, गुडघ्याकडे आत झुकतं. चिंपांझीचं तसं नसतं, आपलं असतं. दोन पायांवर चालताना दर पावलाला सगळं वजन एका पायावर येतं, तो पाय शरीराच्या मध्याखाली यावा म्हणून ही ठेवण. मेंदू जवळपास चिंपांझीएवढाच आणि चाल मात्र माणसाची! आपण आधी चालायला लागलो, मेंदू पुष्कळ नंतर वाढला, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथे हाडात दिसतं.

तिच्या आसपास सेलाम आहे: दिकिका इथे २००० साली झेरेसेनाय आलेमसेगेद या इथिओपियन शास्त्रज्ञाच्या चमूला सापडलेली तीनेक वर्षांची मुलगी, लूसीपेक्षाही सुमारे लाखभर वर्षं जुनी. हाडांना चिकटलेला वालुकाश्म कण-कण खरवडून काढण्यात त्यांची काही वर्षं गेली. लूसी परदेशी माणसांनी शोधली, सेलाम इथल्या माणसाने. इथल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

आता तळमजला. इथेच लोक घाई करतात. गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली, चुण्यांचा झगा घातलेली चुनखडकातली स्त्री बघा, ती अक्सुम या इथल्या प्राचीन राज्याच्याही आधीच्या काळातली आहे. माटारा इथे सापडलेला ब्रॉन्झचा दिवा बघा. माटारा आता इरिट्रियात आहे. दिव्याच्या माथ्यावर रानबोकडाला पकडणारा कुत्रा घडवलाय. आपल्या समईवर हंस असतो ना, तसा हा कुत्रा, फक्त अंगात वेग भरलेला. आणि अक्सुमची नाणी बघा. नखाएवढी सोन्याची नाणी. राजा एझाना याच्या आधीच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि बिंब, चौथ्या शतकात त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याच जागी क्रूस आला. एका राज्याचं धर्मांतर सोन्याच्या टिकलीवर वाचता येतं.

या अक्सुमचं बंदर अदुलिस. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत अदुलिसही आहे आणि आपलं कल्याण व चौलही आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडून तिकडे लोखंड, पोलाद आणि सुती कापड जायचं असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

वरच्या मजल्यांवर अफेवर्क टेकले यांची चित्रं आहेत, ती चुकवू नका. लोकजीवनाचं दालन चांगलं आहे, पण त्यासाठी विद्यापीठाच्या आवारातलं दुसरं संग्रहालय कितीतरी सरस आहे.

जाता जाता एक. इथे काय आहे हे बघताना काय नाही तेही विचारा. सम्राट तेवोद्रोस यांचा खजिना इथे नाही. तो १८६८ मध्ये नेला गेला आणि नेणारी फौज मुंबईहून आली होती. त्याबद्दल इथे कुणाला माहिती असेल तर जरूर लिहा.

---

खडकीकर

फार चांगला धागा. मुंबईच्या भागाबद्दल मी लिहितो, लष्करी इतिहास हा माझा विषय आहे.

तेवोद्रोस यांनी १८६२ मध्ये व्हिक्टोरिया राणीला पत्र पाठवलं, मैत्री आणि कारागीर मागितले. उत्तर आलं नाही. संतापून त्यांनी ब्रिटिश वकील (कॉन्सल) कॅमेरॉन आणि काही मिशनऱ्यांना डांबून ठेवलं. त्यांना सोडवायला मोहीम निघाली आणि ती सोपवली गेली मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर याच्याकडे. सुमारे १३ हजार सैनिक, त्यांच्या साधारण दुप्पट बाजारबुणगे, हजारो जनावरं आणि ४४ हत्ती. हत्ती जहाजातून नेले! तांबड्या समुद्रावर झुला इथे उतरून धक्का बांधला, समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं बसवली, डोंगराच्या पायथ्यापर्यंत रेल्वे टाकली. या कामात बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्या होत्या, लढायला बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. तिथून तेवोद्रोस यांच्या मकदला या डोंगरी किल्ल्यापर्यंत साधारण सहाशे किलोमीटर डोंगर तुडवत गेले.

१० एप्रिल १८६८ ला आरोगेची लढाई झाली. १३ तारखेला किल्ला पडला. तेवोद्रोस यांनी पकडलं जाण्याआधी स्वतःवर गोळी झाडून घेतली. ते पिस्तूल व्हिक्टोरिया राणीनेच पूर्वी भेट दिलेलं होतं. कैदी त्याआधीच सोडले होते, म्हणजे मोहिमेचं कारण संपलं होतं. तरी किल्ला आणि तिथलं चर्च लुटलं गेलं. लूट वाहायला १५ हत्ती आणि जवळपास २०० खेचरं लागली. दलांताच्या पठारावर दोन दिवस लिलाव झाला आणि पैसे सैनिकांत वाटले. मोठा खरेदीदार कोण, तर मोहिमेबरोबर मुद्दाम पाठवलेला ब्रिटिश म्युझियमचा रिचर्ड होम्स.

त्या हत्तींचे माहूत, त्या पलटणींतले शिपाई आपल्याकडचे. त्यांना निवड नव्हती हे खरं. पण मकदलाचा इतिहास आपल्याकडे कुठेच शिकवला जात नाही याची मला खंत वाटते.

---

आंबोलीची वाट

सह्यकडाताई, छान लिहिलंय. एक शंका. मूळ लूसी तिजोरीत, हे जपणुकीसाठी असेल तर पटतं. पण २००७ पासून ती अमेरिकेत फिरून आली ना? मग जगाला खरी हाडं आणि तिथल्या शाळकरी मुलांना प्रतिकृती, असं का?

---

सह्यकडा

हा प्रश्न इथेही विचारला गेला आणि मला तो योग्यच वाटतो. २००७ ते २०१३ ती अमेरिकेत होती. हाडांना धोका आहे म्हणून तिथल्याच स्मिथसोनियन संग्रहालयाने तेव्हा प्रदर्शन घ्यायला नकार दिला होता, मानवी जीवाश्मांचे अभ्यासक रिचर्ड लीकी यांनीही विरोध केला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लूसी आणि सेलाम दोघी प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात दोन महिन्यांसाठी गेल्या. सरकारचं म्हणणं असतं की त्यातून देशाचं नाव होतं, पर्यटक येतात, निधी मिळतो. तो निधी खरंच लागतो. पण माझं मत विचाराल तर वर्षातून निदान एक दिवस मूळ लूसी इथल्या मुलांसाठी बाहेर आली पाहिजे. शनिवारी गणवेशातल्या मुलांच्या रांगा असतात. ती मुलं त्या पेटीसमोर आपला हात ठेवून मापं काढतात. माझा दंड मोठा की तिचा, यावर भांडतात!

---

डॉ. निशिगंध

हाडांचा डॉक्टर म्हणून थोडी भर. गुडघ्याचं जे सांगितलंत ते अगदी बरोबर. कमरेचं हाडही बघा, ते रुंद आणि आखूड आहे, आपल्यासारखं भांड्याच्या आकाराचं. चिंपांझीचं उंच आणि अरुंद असतं. आणि जबड्यात अक्कलदाढ आलेली आहे, त्यावरून ती लहान मूल नसून पूर्ण वाढलेली होती हे कळतं. २०१६ मध्ये काही संशोधकांनी हाडांचं स्कॅनिंग करून ती झाडावरून पडून मेली असावी असं मांडलं. खांद्याजवळचं हाड ज्या पद्धतीने चेपलंय तसं उंचावरून पडलेल्या आणि हात पुढे टेकलेल्या रुग्णांत आम्ही बघतो. स्वतः जोहान्सन यांना मात्र ते मान्य नाही. लाखो वर्षं मातीच्या दाबाखाली कुठलंही हाड तसं तडकू शकतं, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू वाचताना मजा आली.

एक वैद्यकीय सूचना. अदिस सुमारे २३०० मीटर उंचीवर आहे. विमानातून उतरून थेट जिने चढाल तर धाप लागेल. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर सावकाश.

---

कातळशिल्प

मकदलाच्या वस्तू म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधला सोन्याचा मुकुट आणि चषक ना? मी तो मुकुट पाहिलाय. अठराव्या शतकातला, गोंदरच्या चर्चसाठी घडवलेला. त्याच संग्रहालयातून वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्याला आली. ती महाराजांचीच का, हा वाद इथे नको. मुद्दा असा की ती तीन वर्षांच्या उसनवारीवर आली आहेत. २०१८ मध्ये याच संग्रहालयाने इथिओपियाला मकदलाच्या वस्तू दीर्घ मुदतीने उसन्या द्यायची तयारी दाखवली होती. इथिओपियाने सांगितलं, आम्हाला परत हव्यात.

आपण उसनवारी घेतली, त्यांनी नाही. तुम्हाला काय वाटतं? मला तर साताऱ्यात लागलेली गर्दी बघून घेतली ते बरं केलं असंच वाटलं. तत्त्वासाठी अडून बसलो असतो तर ती मुलं, ती म्हातारी माणसं काहीच न बघता राहिली असती.

---

खडकीकर

कातळशिल्प, भावना समजते, पण मी सहमत नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मकदलाच्या वस्तूंबाबत कुणी, कधी, कुठून नेल्या, कितीला विकल्या याचा कागद ब्रिटिशांनी स्वतः लिहून ठेवलाय. पंतप्रधान ग्लॅडस्टनसारख्या माणसाने १८७१ मध्ये पार्लमेंटमध्येच या वस्तू आणल्याबद्दल खेद व्यक्त केला होता. इतकं स्पष्ट असताना उसनवारीच्या करारावर सही करायची म्हणजे मालकी तुमची असं लिहून द्यायचं. ते का म्हणून लिहून देतील?

---

सह्यकडा

मी खडकीकरांच्या बाजूने. त्यातही चर्चच्या वस्तूंचा प्रश्न निराळा आहे. ब्रिटिश म्युझियमकडे मकदलाचे ११ ताबोत आहेत. ताबोत म्हणजे इथल्या प्रत्येक चर्चच्या गाभाऱ्यातली पवित्र फळी. ती फक्त धर्मगुरूंनीच बघायची असते. त्यामुळे त्या संग्रहालयात त्या कधी मांडल्या जात नाहीत, अभ्यासकांना दाखवल्या जात नाहीत, तिथल्या विश्वस्तांनाही बघता येत नाहीत. जी वस्तू कुणालाच दाखवायची नाही ती हजारो मैलांवरच्या बंद खोलीत ठेवण्याचं कारण मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीने आपल्याकडचा ताबोत परत करायला २०२४ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आहे.

काही गोष्टी परत आल्याही आहेत. तेवोद्रोस यांच्या केसांच्या बटा लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये होत्या, त्या २०१९ मध्ये परत मिळाल्या. त्यांचा मुलगा आलेमायेहू मात्र अजून विंडसरमध्येच पुरलेला आहे. सात वर्षांचा असताना त्याला नेलं, १८७९ मध्ये अठराव्या वर्षी तो लीड्समध्ये गेला. २०२३ मध्ये पुन्हा मागणी झाली तेव्हा ब्रिटिश राजवाड्याकडून नकार आला: तिथे इतरही अनेक जण पुरलेले आहेत, त्यांना धक्का न लावता काढणं शक्य नाही. इथल्या वर्गात हा विषय निघाला की मुलं गप्प बसत नाहीत, एकदम सगळे बोलायला लागतात.

---

तिसरा मजला

थोडी कडवट बाजू मांडतो, कुणी वाईट वाटून घेऊ नये. मी वस्तूंच्या जतनाचं काम करतो. मंद उजेड हस्तलिखितांसाठी चांगला असतो, ते ठीक. पण सरळ ऊन पडणारी खिडकी, हवेतला ओलावा मोजायची सोय नाही, पेटीला साधी कडी, असं मी आफ्रिकेतल्या काही संग्रहालयांत पाहिलंय आणि आपल्याकडच्या जिल्हा संग्रहालयांतही. उत्तर इथिओपियातल्या तिग्रायच्या युद्धात २०२० नंतर चर्चमधून हस्तलिखितं लुटली गेल्याच्या बातम्या आल्या, अल-नेजाशी मशिदीचं नुकसान झालं. अशा वेळी परत पाठवलेल्या वस्तूंचं काय होईल, ही काळजी खोटी नाही. मकदलाहून नेलेली सुमारे ३५० हस्तलिखितं ब्रिटिश लायब्ररीत आज उत्तम स्थितीत आहेत.

---

सह्यकडा

काळजी खरी आहे, मीही ती करते. तिग्रायमध्ये जे गेलं त्याबद्दल इथली अभ्यासक मंडळी आजही हळहळतात. पण ती हस्तलिखितं तीन-चारशे वर्षं कुणी जपली होती? मठांतल्या भिक्षूंनी, चामड्याच्या पिशव्यांत, भिंतीच्या खुंट्यांना टांगून. आणि अक्सुमच्या स्तंभाचं उदाहरण घ्या. मुसोलिनीच्या सैन्याने १९३७ मध्ये तो रोमला नेला. २४ मीटर उंच, दीडशे टनांहून जड. परत देताना वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं की हलवणं अशक्य. शेवटी २००५ मध्ये तीन तुकड्यांत विमानाने आला, २००८ मध्ये मूळ जागी उभा राहिला आणि आज उभा आहे.

जतनाची सोय कमी असेल तर ती वाढवायला मदत करावी. तुमच्यासारख्या माणसांची इथे गरज आहे, हे अगदी मनापासून लिहितेय. इथल्या प्रयोगशाळेत काम करणारी तरुण मुलं शिकायला उत्सुक आहेत.

---

देवगिरीकर

उशिरा आलो धाग्यावर. एवढी चर्चा झाली आणि मलिक अंबरचं नाव कुणीच काढलं नाही? आमच्या गावाचा पाया घालणारा माणूस इथिओपियाचा!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १५४८ च्या सुमाराला हरारच्या परिसरात जन्म, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान, बगदाद करत दख्खनमध्ये निजामशाहीचा वजीर चंगेजखान याच्याकडे आला. अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर याने निजामशाही पुन्हा उभी केली आणि मरेपर्यंत, म्हणजे १६२६ पर्यंत, मोगलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिलं नाही. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. गनिमी काव्याची दख्खनी परंपरा सांगताना त्याला वगळताच येत नाही. खुलताबादला कबर आहे, रविवारी तिथे फिरायला येणाऱ्या किती जणांना ती कुणाची ते ठाऊक असतं कुणास ठाऊक.

त्याची नहर मी लहानपणापासून बघतोय. डोंगरातलं भूजल जमिनीखालून खापरी नळांनी शहरात आणलेलं, ठिकठिकाणी दाब मोकळा करायला उंच मनोरे. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. चारशे वर्षांनी काही भागांत पाणी अजून वाहतं, काही भाग आम्ही बांधकामांखाली गाडला. सह्यकडाताई, तिकडच्या लोकांना हा माणूस माहीत आहे का?

---

सह्यकडा

देवगिरीकर, बरं झालं तुम्ही आलात. इतिहास शिकणाऱ्यांना नाव माहीत असतं, माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना नसतं. मी कबरीचा आणि नहरीच्या मनोऱ्याचा फोटो दाखवते तेव्हा पहिला प्रश्न येतो, "तो परत का आला नाही?" मग गुलामांच्या व्यापाराबद्दल बोलावं लागतं, तांबड्या समुद्रावरच्या त्या बाजाराबद्दल, जो अटलांटिकच्या बाजाराइतका चर्चेत येत नाही. हरारहून आलेला एक मुलगा तर नहरीच्या नकाशात इतका रमला की त्याने स्थापत्याच्या प्रकल्पासाठी तोच विषय घेतला. त्याला नहरीची चांगली मोजमापं हवी आहेत. तुमच्याकडे काही असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा.

---

देवगिरीकर

आहे. आमच्या इथल्या काही मंडळींनी मनोरे आणि मेनहोल नोंदवले आहेत, कुठून कुठे नळ जातो त्याची आखणीही आहे. स्कॅन करून पाठवतो. त्याला म्हणावं, प्रत्यक्ष बघायला ये, राहायची सोय आमच्याकडे.

---

आंबोलीची वाट

वा! मार्चमध्ये मुंबई-अदिस-दार एस सलाम असा प्रवास आहे, मधे पूर्ण दिवस मोकळा ठेवलाय. आता क्रम सांगा. संग्रहालय आधी की विद्यापीठाचं?

---

सह्यकडा

सकाळी राष्ट्रीय संग्रहालय, तळमजल्यापासून सुरू करा, तळघर शेवटी. शाळांच्या सहली आधी तळघरातच जातात, तोवर वरची दालनं शांत मिळतात. दारात वाटाडे असतात, एखाद्याला बरोबर घ्या, पाट्यांवर जे नाही ते त्यांच्याकडे असतं. मग सिदिस्त किलोकडे चालत या. चौकात फेब्रुवारी १९३७ च्या हत्याकांडाचं स्मारक आहे: ग्रात्सियानी या इटालियन व्हाइसरॉयवर हल्ला झाला आणि सूड म्हणून शहरात हजारो माणसं मारली गेली. तिथे थांबून मगच विद्यापीठात जा. ते संग्रहालय हाइले सेलासी यांच्या जुन्या राजवाड्यात आहे, शयनगृह अजून तसंच ठेवलंय. बाहेर हिरवळीवर कुठेच न जाणारा एक जिना दिसेल. इटालियनांनी मुसोलिनीच्या सत्तेच्या प्रत्येक वर्षाची एक पायरी म्हणून तो बांधला होता. इटालियन गेल्यावर इथल्या लोकांनी सर्वांत वरच्या पायरीवर यहुदाचा सिंह, म्हणजे इथल्या सम्राटांचं चिन्ह, बसवला.

वेळ उरला तर पियासा भागातलं अदवा विजय स्मारक. २०२४ मध्ये खुलं झालंय, १८९६ मध्ये इटलीचा पराभव केला त्या लढाईचं. त्याला दोन तास लागतात, घाईत उरकू नका. पासपोर्ट जवळ ठेवा, बऱ्याच ठिकाणी दारावर बघतात. आणि येण्याआधी निरोप करा, त्या दिवशी तास नसेल तर मी बरोबर येईन.